पाणी खोल गेलं त्याची गोष्ट : हिंजवडीची बोअर आणि युरेनियमचा प्रश्न

आजचा विषय भूजलातल्या युरेनियमचा आहे, पण सुरुवात आपण विहिरीपासून करू. युरेनियम म्हटलं की खाण आणि अणुभट्टी डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात पाण्यात उतरणारं बरंचसं युरेनियम दगडातूनच येतं. त्यामुळे आपण कोणत्या दगडातून, किती खोलवरून आणि किती पाणी उपसलं, हा इतिहास बघावा लागतो.

हिंजवडी, माण, मारुंजी या मुळशी तालुक्यातल्या गावांखाली दख्खनचा बेसॉल्ट आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे हे थर. विहीर खोदणारी जुनी माणसं त्यांना नावानिशी ओळखत. वर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मध्येच गेरूचा लाल पट्टा आणि खाली घट्ट काळा पाषाण. पाणी सापडायचं ते मुरमात, मांजऱ्यात आणि पाषाणाच्या फटींत. म्हणजे विहीर पावसावर भरायची आणि उन्हाळ्यात तळ दाखवायची.

हे चित्र बदललं १९७२ च्या दुष्काळाच्या आसपास. त्याच सुमारास पुण्यात राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली. हवेच्या दाबावर चालणारी यंत्रं पाषाणात काही तासांत भोक पाडू लागली. हातपंपांचा प्रश्नही आपल्याच भागात सुटत गेला. जालना पंप आणि सोलापूर पंप यांच्या अनुभवातून पुढे ‘इंडिया मार्क-२’ हा पंप घडला आणि देशभर गेला. या बोअरचे उपकार मोठे आहेत, बरं का. पायऱ्यांच्या विहिरीत माणसं उतरायची आणि त्या पाण्यातून नारू व्हायचा. बंद बोअरच्या पाण्यात नारूला वावच नव्हता. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला, त्यात हातपंपांचा वाटा आहे.

पण त्यातून आपल्या मनात एक समज पक्का बसला : खोलचं पाणी म्हणजे शुद्ध पाणी. जंतूंच्या बाबतीत तो बराचसा खरा होता. दगडातून काय विरघळतं, हा प्रश्न मात्र मागे राहिला.

आता युरेनियमकडे येऊ. क्लाप्रोथ या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ते १७८९ मध्ये ओळखलं. पिण्याच्या पाण्यात ते किती चालेल, याचा आकडा मात्र अगदी अलीकडचा. जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ मध्ये लिटरला २ मायक्रोग्रॅम म्हटलं, २००४ मध्ये १५ आणि २०११ मध्ये ३०. आधीचा आकडा प्राण्यांवरच्या प्रयोगांवर बेतलेला होता, पुढे माणसांवरचे अभ्यास आले. आपल्या अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा ६० होती. भारतीय मानक ब्युरोने पुढे ३० स्वीकारली. ही मर्यादा किरणोत्सर्गापेक्षा मूत्रपिंडावर होणाऱ्या रासायनिक परिणामासाठी आहे, हे लक्षात ठेवा.

ते पाण्यात उतरतं कसं? जिथे प्राणवायू पोचत नाही, तिथे ते गाळाला किंवा दगडाला घट्ट धरून बसतं. उपशाने पातळी खाली गेली की हवा आत शिरते, युरेनियमचं रूप बदलतं आणि पाण्यातल्या बायकार्बोनेटशी जुळून ते विरघळतं. खतातलं आणि सांडपाण्यातलं नायट्रेटही हेच काम करतं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या आणि भारतीय अभ्यासकांनी राजस्थान आणि गुजरातमधल्या ३२४ विहिरींचं पाणी तपासलं. राजस्थानातल्या जवळपास एकतृतीयांश विहिरी ३० च्या वर निघाल्या. मूळ कारण नैसर्गिक, पण उपसा आणि नायट्रेट यांनी त्यात भर घातली, असा त्यांचा निष्कर्ष.

मग हिंजवडीने घाबरायचं का? आपलं मत असं : युरेनियमपुरतं, नाही. बेसॉल्टमध्ये ग्रॅनाइटच्या मानाने युरेनियम फारच कमी असतं. महाराष्ट्रात आधी लक्ष द्यायचं ते पूर्व विदर्भाकडे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर इथे ग्रॅनाइट आणि नाईससारखे जुने खडक आहेत. चंद्रपूर आणि यवतमाळच्या काही गावांनी फ्लोराइडचा त्रास भोगलाच आहे, तोही खडकातूनच आला.

पण निश्चिंत राहण्यासारखंही नाही. आयटी पार्क आल्यापासून इथे इमारती पाण्याच्या पुढे धावल्या. सोसायट्या बोअर आणि टँकरवर आल्या. टँकर कोणत्या विहिरीवर भरला, हे नळ उघडणाऱ्याला कळत नाही. सांडपाणी मुरलं तर आधी येतात जंतू आणि नायट्रेट. २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात गीयाँ-बारेचे रुग्ण वाढले, तेव्हा बोट पाण्याकडेच गेलं होतं.

म्हणून सोसायटीच्या बैठकीत ‘पाणी तपासलं का?’ एवढंच विचारू नका. काय काय तपासलं, ते विचारा. नेहमीच्या चाचणीत युरेनियम बहुधा नसतं, ते नाव घेऊन मागावं लागतं. उकळल्याने ते जात नाही, आरओने बरंच जातं. आणि बोअर किती फुटांवर आहे, कोणत्या थरात पाणी लागलं, याची नोंद कागदावर ठेवा. जुन्या विहीरवाल्यांच्या ती तोंडपाठ असायची. आज शंभर घरं एका बोअरवर असतात आणि एकालाही ती ठाऊक नसते.

इथे थांबू. प्रश्न घेऊया.