ठोका, कांटा आणि तेजाची अक्षरें

गेल्या दिवाळीच्या सुमारास जळगांवीं एका स्नेह्यांच्या घरीं रात्रीं बसलों असतां त्यांच्या दिवाणखान्यांतील एका विलक्षण घड्याळाकडे माझें लक्ष गेलें. त्याला तबकडी नव्हती, कांटे नव्हते कीं लंबकही नव्हता. लांकडी बैठकीवर कांचेच्या सहा लहान नळ्या उभ्या होत्या आणि प्रत्येक नळींत एकेक आंकडा निखाऱ्यासारखा नारिंगी तेजानें तळपत होता. "हें कांहीं नव्या तऱ्हेचें घड्याळ दिसतें," असें मीं म्हणतांच ते हंसून म्हणाले, "नवें कसलें! घड्याळ जोडलें आतां, पण नळ्या तुमच्या-माझ्या तरुणपणांतल्या आहेत. असल्या नळ्यांचे कारखाने केव्हांच बंद पडले."

श्रोतेहो, त्या घड्याळानें माझ्या मनांत एक प्रश्न उभा केला. वेळ आपण रोज पाहतों. पण ती आपणांस आजवर कोणीं कोणीं दाखविली, आणि दाखवितांना आपलें काय काय वगळलें? खानदेशापुरतें या प्रश्नाचें उत्तर शोधण्याचा आज विचार आहे.

प्रथम आपली भाषाच काय सांगते तें पाहूं. आपण वेळ विचारतों ती "किती वाजले?" अशी; "किती दिसले?" असें कोणी विचारीत नाहीं. 'तास' हा शब्द मुळांत कांशाच्या त्या तबकडीचा, जिच्यावर टोला हाणून पहारेकरी काळ जाहीर करीत असे. 'घड्याळ' या शब्दाच्या पोटांत तर 'घटिका'च आहे. म्हणजे शेंकडों वर्षें वेळ ही कानांनीं ऐकण्याची वस्तु होती. कचेरीच्या दारीं तास पडे तो साऱ्या गांवास ऐकूं येई, आणि ज्याला अक्षरओळख आहे त्याला नि ज्याला नाहीं त्यालाही तो सारखाच उपयोगीं पडे.

हा टोला ज्या साधनाच्या आधारें पडे तें साधन म्हणजे घटिकापात्र. बुडाशीं बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडावयाची. ती भरून बुडाली म्हणजे एक घटिका झाली. घटिका म्हणजे आजचीं २४ मिनिटें, आणि अशा ६० घटिकांचें एक अहोरात्र. भास्कराचार्यांनीं ११५० मध्यें रचलेल्या 'सिद्धान्तशिरोमणी'च्या यंत्राध्यायांत या पात्राचें वर्णन आहे. भास्कराचार्यांच्या घराण्याचा आणि खानदेशाचा संबंध तर दगडांत कोरलेला आहे. चाळीसगांवाजवळील पाटण येथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं एकोणिसाव्या शतकांत उजेडांत आणला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनीं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापन केल्याचें त्यांत नमूद आहे. तेराव्या शतकाच्या आरंभींच्या त्या लेखाचा शेवटचा भाग मराठींत आहे, ही गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

पाण्याची घटिका असो वा सूर्याची सावली असो, ज्या त्या गांवचा मध्यान्ह हा ज्याच्या त्याच्या मालकीचा होता. पृथ्वीला एक अंश फिरावयास ४ मिनिटें लागतात. जळगांव धुळ्याच्या पूर्वेस असल्यामुळें जळगांवीं सूर्य माथ्यावर येतो तो धुळ्याच्या आधीं सुमारें ३ मिनिटें. जोंवर मनुष्य बैलगाडीनें जात होता तोंवर या तीन मिनिटांची कोणास दिक्कत नव्हती. आगगाडी आली आणि ती दिक्कत उत्पन्न झाली. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकांत ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे चाळीसगांव, जळगांव, भुसावळ या मार्गानें खानदेशांतून गेली. एका रुळावर दोन वेळा चालत नाहींत. तेव्हां १८७० च्या सुमारास देशांतील रेल्वेनें मद्रासची वेळ आपली म्हणून धरली. ती जळगांवच्या सूर्यापेक्षां सुमारें १९ मिनिटें पुढें होती. अशा रीतीनें स्थानकावर एक वेळ नि गांवांत दुसरी, असा प्रकार सुरू झाला. धुळ्यास चाळीसगांवाहून रेल्वेचा फांटा आला तो १९०० सालीं. तेथील सूर्य तर मद्रासच्या मागें सुमारें २२ मिनिटें!

सरकारनें मुंबई शहरावर १८८१ मध्यें मद्रासची वेळ लादून पाहिली. परंतु लोकमत इतकें क्षुब्ध झालें कीं १८८३ मध्यें ती आज्ञा मागें घ्यावी लागली. पुढें १९०६ च्या आरंभापासून सगळ्या देशासाठीं एकच प्रमाण वेळ अंमलांत आली. ग्रीनिचच्या पुढें साडेपांच तास, ही तीच वेळ आपण आज वापरतों. त्याच जानेवारींत मुंबईच्या एका गिरणींतील कामगारांनीं या नव्या वेळेचा निषेध केला. सूर्य पूर्वीच्याच जागीं असतां कामावर मात्र सुमारें ४० मिनिटें आधीं यावयाचें, हा हिशेब त्यांना कसा पटावा? मुंबईची निराळी वेळ त्यानंतरही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शहरांत कोठें ना कोठें टिकून राहिली. योगायोग असा कीं त्याच १९०६ सालीं खानदेश जिल्ह्याचे पूर्व नि पश्चिम असे दोन भाग करण्यांत आले. जळगांव एकाचें मुख्य ठाणें झालें, धुळें दुसऱ्याचें. जिल्हा एकाचे दोन झाले, आणि त्यांच्या वेळा मात्र दोहोंची एक झाली!

या एका वेळेचे फायदे कोणी नाकारणार नाहीं. परंतु तिची किंमत कोणी दिली हेंही सांगितलें पाहिजे. आज घड्याळांत बारा वाजतात तेव्हां जळगांवच्या सूर्याला माथ्यावर यावयास सरासरीनें २८ मिनिटें अवकाश असतो आणि धुळ्याच्या सूर्याला ३१. दुसऱ्या महायुद्धांत, १९४२ पासून १९४५ पर्यंत, घड्याळें आणखी एक तास पुढें सारलीं होतीं; तेव्हां धुळ्यांतील खरा मध्यान्ह दीड वाजून गेल्यावर होत असे. टोला वाजवणारा पहारेकरी गेला, गिरणीचा भोंगा आला आणि वेळ गांवाची न राहतां कामाची झाली.

आतां त्या तेजस्वी नळ्यांकडे वळूं. त्यांचा जीव म्हणजे निऑन नांवाचा वायु. विल्यम रॅम्से आणि मॉरिस ट्रॅव्हर्स या दोघां रसायनशास्त्रज्ञांनीं १८९८ मध्यें लंडन येथें तो हवेंतून वेगळा काढला. हवेच्या एका लक्ष भागांत हा दोन भागही भरत नाहीं. त्याचें नांव 'नवा' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पडलें, आणि तो ग्रीक शब्द आपल्या 'नव' शब्दाचा सख्खा भाऊ आहे. या दोघांचेही पाय आपल्या भूमीला लागलेले आहेत. जमशेटजी टाटांच्या नियोजित विज्ञानसंस्थेसाठीं जागा सुचविण्यास रॅम्से १९०० च्या अखेरीस हिंदुस्थानांत आले व त्यांनीं बंगळूरची शिफारस केली. ट्रॅव्हर्स हे तर त्या संस्थेचे पहिले संचालक. त्यांची नेमणूक झाली तें सालही १९०६ च.

निऑनमधून वीज गेली कीं तो नारिंगी-तांबडा प्रकाशतो. पॅरिसमध्यें जॉर्ज क्लोद यांनीं १९१० सालीं अशा लांब नळ्या लोकांस दाखविल्या, आणि पुढें दुकानांच्या पाट्या त्यांनीं उजळून गेल्या. परंतु आंकडे दाखविणारी नळी यावयास १९५५ साल उजाडलें. अमेरिकेतील बरोज कंपनीनें ती 'निक्सी' या नांवानें विकावयास आणली. तिची रचना मोठी चतुराईची आहे. शून्यापासून नवापर्यंतच्या दहा आंकड्यांच्या आकाराच्या बारीक तारा एकीमागें एक अशा बसविलेल्या असतात आणि पुढें तारेची विरळ जाळी असते. जाळी नि एखादा आंकडा यांच्यामध्यें सुमारें १७० व्होल्टचा दाब दिला कीं त्या तारेभोंवतींचा वायु उजळतो; तार स्वतः तापून लाल होत नाहीं. पुढच्या तारा इतक्या बारीक असतात कीं मागच्या आंकड्याचें तेज त्यांच्यांतून सहज दिसतें. आंकडा बदलला कीं तेज किंचित् पुढें वा मागें सरकतें, आणि तीच त्या घड्याळाची शोभा. रशियन बनावटीच्या एका नळींत तर पांचाचा आंकडा म्हणजे उलटा केलेला दोनच! काटकसरीचा हा मासला पाहून गंमत वाटते.

ज्या घरांत जुना रेडिओ होता तेथील वडील मंडळींस अशा तेजाची ओळख आधींच होती. केंद्र नीट लागलें कीं मिटत जाणारा तो हिरवा 'जादूचा डोळा' १९३५ सालीं निघाला. त्या डोळ्याकडे पाहत कित्येकांनीं बातम्या ऐकल्या असतील. पण डोळा फक्त 'लागलें' वा 'नाहीं' इतकेंच सांगे. निक्सी नळी आंकडा लिहूं लागली. आणि मग मनुष्याला वाटलें कीं आंकडे लिहितां येतात तर शब्द कां नकोत?

तेव्हां अक्षरांची नळी निघाली. तींत प्रत्येक अक्षराची वेगळी तार नसे. उभ्या, आडव्या, तिरप्या अशा पंधरा लहान रेघा, आणि त्यांतल्या हव्या त्या पेटवून अक्षर घडवावयाचें. अशा नळ्या शेअर बाजाराचे भाव दाखविणाऱ्या फलकांत बसल्या. पुढें हौशी लोकांनीं चार नळ्या एका ओळींत बसवून चार अक्षरी शब्द उमटविणारें यंत्र केलें. वेळही तेंच दाखवी.

येथें माझ्या स्नेह्यांनीं मला एक खेळ सुचविला. "या पंधरा रेघांत आपल्या गांवाचें नांव लिहून दाखवा," ते म्हणाले. मीं कागद घेतला. रोमन मोठीं अक्षरें सहज बसलीं. परंतु देवनागरीचा 'ळ' कांहीं केल्या बसेना. त्याचीं तीं दोन वेटोळीं सरळ रेघांत कशीं बसावीं? शिवाय डोक्यावर शिरोरेखा, खालीं उकार, वर मात्रा. आणि योगायोग पाहा, जळगांव आणि धुळें या दोन्ही नांवांत 'ळ' आहे! रोमन लिपींत लिहावें तर 'ळ' चा 'ल' होतो आणि दोन्ही गांवांचा कणाच मोडतो. अर्थात् खेड्यापाड्यांतील अहिराणी बोलणारा मनुष्य 'ळ' च्या जागीं 'य' उच्चारतो, त्याच्या मुखीं धुळ्याचें 'धुये' होतें. पण तो त्याच्या बोलीचा स्वतःचा नियम आहे, कोणा यंत्रानें त्याच्यावर घातलेली अट नव्हे. हा भेद लहान नाहीं.

न्यायानें पाहिलें तर दोष वायूचाही नव्हता आणि विजेचाही नव्हता. आकाराची तार वांकवून 'ळ' करणें आंकड्यांच्या नळींत मुळींच अशक्य नव्हतें. परंतु यंत्र ज्याच्या बाजारासाठीं होतें त्याच्या लिपीचें माप त्याला लागलें. आठशें वर्षांपूर्वीं पाटणच्या पाथरवटानें जी भाषा दगडांत बिनतक्रार कोरली, ती विसाव्या शतकाच्या मध्यावर कांचेच्या नळींत मावेना. तें काम पुढें दुसऱ्याच मार्गानें साधलें. पंधरा रेघांच्या जागीं बारीक ठिपक्यांची जाळी आली. ठिपक्यांना लिपीचा पक्षपात नसतो. भारतीय लिप्या संगणकावर उमटविण्याचें काम आयआयटी कानपूर आणि नंतर पुण्याची सी-डॅक संस्था येथें १९८० च्या दशकांत झालें, आणि १९९१ मध्यें भारतीय लिप्यांसाठीं 'इस्की' हें प्रमाण ठरलें. आज रेल्वे स्थानकाच्या फलकावर गाडीचें नांव देवनागरींत सरकतांना आपण सहज वाचतों आणि त्यामागें कोणाचे श्रम आहेत हें विसरून जातों.

निक्सी नळ्यांचें राज्य फार दिवस टिकलें नाहीं. १९७० च्या दशकांत कमी दाबावर चालणारे प्रकाशमान स्फटिक स्वस्त झाले आणि नळ्या मागें पडल्या. हौशी माणसें आतां त्या जुन्या नळ्या जपून घड्याळें जोडतात. अशा जपणुकीची एक रीत त्या रात्रीं मला समजली आणि ती मी विसरूं शकलों नाहीं. पेटलेल्या तारेवरून धातूचे सूक्ष्म कण उडतात आणि शेजारच्या न पेटलेल्या तारांवर जाऊन बसतात. जो आंकडा फार दिवस पेटविलाच नाहीं त्याच्यावर हा थर सांचतो, आणि पुढें तो पेटवूं गेलें तर तुटक तुटक उजळतो. तासांची दहाची जागा दाखविणाऱ्या नळींत दोनापुढचे आंकडे कधींच लागत नाहींत. म्हणून जाणता मालक रोज रात्रीं कांहीं क्षण सगळे आंकडे क्रमानें पेटवून घेतो. त्या क्षणीं घड्याळ वेळ सांगत नाहीं; तें केवळ आपलीं न वापरलेलीं अक्षरें जिवंत ठेवीत असतें.

आम्ही बोलत होतों तेवढ्यांत मध्यरात्र झाली आणि सहाही नळ्यांतून शून्यापासून नवापर्यंतचे आंकडे भराभर धांवून गेले. शेजारच्या खोलींतून स्नेह्यांच्या वृद्ध मातोश्रींनीं विचारलें, "काय रे, किती वाजनात?" घड्याळ मुकें होतें. उत्तर स्नेह्यांनींच दिलें, आणि तें अहिराणींत दिलें.