माहेरची पालखी आणि बडनेऱ्याची वाट

वर्धा नदीच्या काठचे कौंडण्यपूर आज एक लहानसे गाव आहे. पुराणांनी मात्र त्याला विदर्भराज भीष्मकाची राजधानी आणि रुक्मिणीचे माहेर म्हटले आहे. विसाव्या शतकाच्या साठीच्या दशकात तेथे उत्खनन झाले व फार प्राचीन वस्तीचे अवशेष हाती आले. भीष्मकाचा वाडाच कुदळीला लागावा, अशी अपेक्षा करणे मात्र इतिहासावर अन्याय करण्यासारखे होईल. लेकीच्या घरी आषाढीला माहेरच्या मंडळींनी जावयाचे, हा शिरस्ता त्यावाचून अडलेला नाही. संस्थानाच्या परंपरेप्रमाणे सदाराम महाराजांनी ही पालखी इ. स. १५९४ मध्ये सुरू केली. देहूहून नारायण महाराजांनी पालखी काढली ती १६८५ साली; म्हणजे वऱ्हाडची वाट त्याहूनही जुनी ठरते.

अमरावतीहून बडनेरा अवघे तीन कोस. पण ते ज्येष्ठातले तीन कोस! काकडा आटोपून पहाटेच्या गारव्यात जेवढे चालून होईल तेवढेच सुखाचे. ऊन चढले की वीणेकऱ्याचा आवाज बसतो, पताका खांद्यावर कलतात, आणि डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बायका मात्र त्याच चालीने चालत राहतात. दुपारी एखाद्या निंबाखाली विसावा, भाकरी आणि पाणी. सायंकाळी हरिपाठ व रात्री कीर्तन. मध्येच वळवाची सर आली तर काळी माती तळव्यांना अशी चिकटते, की प्रत्येक पावलागणिक पाय जड होत जातो.

या चालीत वऱ्हाडच्या शेतकऱ्याचे एक दुखणे दडलेले आहे. पंढरपूर येथून पाचशे किलोमीटरांहून दूर. तेव्हा महिनाभर आधी घर सोडणे भागच. नेमका हाच काळ मृगाचा. मृग सूर्याच्या हिशेबाने जूनच्या पहिल्या पंधरवड्यात लागतो, आषाढी मात्र चंद्राच्या हिशेबाने मागेपुढे सरकते. २०२३ साली ती २९ जूनला आली, २०२४ साली १७ जुलैला. एकादशी लवकर आली, की पेरणी सर्वस्वी मागे राहिलेल्यांच्या हाती. घरी कर्ता भाऊ किंवा खमकी बायको असेल त्याचीच वारी बिनघोर व्हावयाची. कीर्तनात पंढरी ऐकणाऱ्याचा एक कान आभाळाकडे लागलेला असतो, यात नवल नाही.

बडनेरा हे जुन्या नोंदींतले ‘बडनेरा बीबी’. अहमदनगरच्या राजकन्येला ते आंदणात मिळाले होते, म्हणून हे नाव. पुढे मुंबईहून नागपूरकडे जाणारी लोहमार्गाची रेषा या गावावरून गेली. १८६७ साली ती नागपुरास पोहोचली आणि अमरावतीचा फाटा येथूनच फुटला. हा लोहमार्ग कापसासाठी आला होता, वारकऱ्यांसाठी नव्हे. पण १८७८ साली मनमाड-दौंड मार्ग झाला, १९०६ साली बार्शी लाइट रेल्वे पंढरपुरास गेली, आणि भुसावळ, मनमाड, दौंड, कुर्डुवाडी अशा गाड्या बदलीत बडनेऱ्याचा माणूस बसल्या जागी चंद्रभागेस पोहोचू लागला. पेरणी उरकून एकादशी गाठणे आता शक्य झाले. पुष्कळांनी तेच केले, आणि त्यांस उणे लेखण्याचे कारण नाही. तरीही पालखी स्टेशनाच्या गावावरून पायीच पुढे जात राहिली. जो बैलजोडी भावावर सोपवून निघाला, त्याला गाडीची शिटी ऐकू येत नसे असे थोडेच आहे?

चाल खंडित झाली ती महामारीने. २०२१ साली शासनाने मानाच्या ज्या दहा पालख्यांना अनुमती दिली त्यांत कौंडण्यपूरची होती. पण ती एस. टी. बसने गेली, मोजक्या वारकऱ्यांसह. पायी चालणे उरले ते पंढरपूरजवळ वाखरीपासूनच्या अखेरच्या टप्प्यात. २०२२ च्या ज्येष्ठात पालखी पुन्हा पायी निघाली.