‘सुरक्षित’ आणि ‘सशर्त’ : एका वैद्यकीय परिभाषेचा इतिहास

शस्त्रक्रियेने शरीरात बसविलेला धातू आणि रोगनिदानासाठी योजिलेले प्रबल चुंबक यांच्या संबंधाचा इतिहास हा सामान्यतः पदार्थविज्ञानाचा व वैद्यकाचा विषय समजला जातो. तथापि त्यातील एक प्रकरण परिभाषेचे आहे, आणि ते केवळ शाब्दिक नाही.

१९७३ साली पॉल लॉटरबर यांनी अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाच्या साहाय्याने प्रतिमा मिळविता येतात हे दाखवून दिले. हे तंत्र रुग्णालयांत आल्यावर ‘अणुकेंद्रीय’ हे विशेषण गळून पडले. कारण त्या शब्दाने सामान्य जनांस किरणोत्सर्गाची आठवण होई. वस्तुतः या तंत्रात तसल्या किरणांचा संबंधच नाही. निरुपद्रवी शब्द भयापोटी टाकला गेला. खरा घोटाळा मात्र ‘सुरक्षित’ या विश्वास देणाऱ्या शब्दाने केला.

धातुरोपणाचा प्रश्न आरंभापासूनच अभ्यासकांपुढे होता. १९८३ साली ‘रेडिऑलॉजी’ या नियतकालिकात न्यू व त्यांचे सहकारी यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. रक्तवाहिन्या बंद करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या २१ क्लिपांची त्यांनी परीक्षा केली. पैकी १६ क्लिपांवर चुंबकाचे ओढ व पीळ आढळले, आणि मेंदूतील धमनीच्या फुगवट्यावर बसविण्याच्या ५ क्लिपांच्या बाबतीत ते रक्तस्रावाचा धोका उत्पन्न करण्याइतके होते. दहा वर्षांनी, १९९३ साली, त्याच नियतकालिकात अशाच क्लिपेमुळे घडलेल्या एका मृत्यूची नोंद आली. रुग्णाच्या मेंदूतील क्लिप चुंबकाने न ओढल्या जाणाऱ्या जातीची आहे अशी समजूत होती; प्रत्यक्षात ती दुसऱ्याच जातीची निघाली. नाव आणि वस्तू यांतील अंतराची किंमत येथे प्राणांनी मोजावी लागली.

१९९७ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दोन संज्ञांच्या व्याख्या मसुद्यात मांडल्या. जी वस्तू रुग्णास अधिक धोका करीत नाही ती ‘सुरक्षित’. जी शिवाय प्रतिमेतही लक्षणीय बिघाड करीत नाही ती ‘अनुरूप’. व्याख्या तर्कशुद्ध होती, परंतु वापरात तिचा अर्थ टिकला नाही. दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी येऊ लागले आणि कोणत्या परिस्थितीत सुरक्षित, हे विधान त्यांच्यापासून सुटे झाले. १.५ टेस्लाच्या चुंबकात तपासलेली वस्तू ३ टेस्लाच्या चुंबकातही निर्धोक असेलच असे नाही. शिवाय ओढ हा एकच धोका नव्हे. टिटॅनियमला चुंबक ओढून घेत नाही. पण तो विद्युद्वाहक असल्याने रेडिओतरंगांमुळे त्यात प्रवाह निर्माण होऊन उष्णता उत्पन्न होऊ शकते. यास्तव ‘अचुंबकीय’ म्हणजे ‘सुरक्षित’ हे समीकरण मुळातच सदोष होते.

२००५ साली ए.एस्.टी.एम्. या मानकसंस्थेने ‘अनुरूप’ ही संज्ञा वगळून तीन वर्ग केले : सुरक्षित, सशर्त व असुरक्षित. त्यांची चिन्हे अनुक्रमे हिरवा चौकोन, पिवळा त्रिकोण व छेदरेषा असलेले लाल वर्तुळ अशी ठरली. ‘सुरक्षित’ हा शब्द आता प्लॅस्टिकसारख्या अधातू, अचुंबकीय व अवाहक वस्तूंपुरताच उरला. परिणामी धातूचे कोणतेही रोपण, मग ते कितीही निर्धोक ठरलेले असो, फार तर ‘सशर्त’च म्हणविले जाते. २०११ साली अमेरिकेत मान्यता मिळालेला, या तपासणीस योग्य असा तेथील पहिला हृदयगतिनियामकही याच वर्गातील होय. क्षेत्राची तीव्रता, रेडिओतरंगांची ऊर्जा आणि यंत्राची विशिष्ट योजना या अटी पाळल्या तरच त्याची निर्धोकता खरी.

या बदलाचे मर्म व्याकरणाच्या भाषेत सांगता येईल. ‘सुरक्षित’ हे वस्तूचे अंगभूत विशेषण मानले गेले होते. वास्तविक ते वस्तू, चुंबक आणि तपासणीची रीत यांच्यातील संबंधाचे वाचक होते. संबंधवाचक शब्द गुणवाचक म्हणून वापरला की विधान अपुरे राहते, आणि ते अपुरे आहे हे ऐकणाऱ्याच्या ध्यानीही येत नाही. ‘सशर्त’ या शब्दाचा गुण असा, की तो ऐकताच ‘कोणती अट?’ हा प्रश्न आपोआप उभा राहतो. रोपण बसविलेल्या रुग्णाचे रक्षण पुष्कळ अंशी त्या प्रश्नावर अवलंबून असते.