कोसाडहून समुद्राकडे

सुरतेच्या उत्तरेस तापी ओलांडली की उतराण लागते आणि त्यापुढचे स्थानक कोसाड. मुंबईहून बडोद्याकडे धावणाऱ्या मेलगाड्या येथे थांबत नाहीत. खिडकीशी बसलेल्या उतारूला फलाटावरची पाटी वाचण्याइतकीही सवड त्या देत नाहीत. तथापि पश्चिम भारताच्या रेल्वेच्या इतिहासात या लहानशा टापूचा मान मोठा आहे. ‘बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया’ या कंपनीने आपला अगदी पहिला लोहमार्ग १० फेब्रुवारी १८६० रोजी खुला केला, तो अंकलेश्वर ते उतराण हा, सुमारे २९ मैलांचा. कोसाड याच मार्गावर आहे. ग्रँट रोडपर्यंत ही गाडी पोचली ती १८६४ साली. आणि विरारहून मुंबईस नित्याची गाडी सुरू झाली ती १८६७ साली. म्हणजे विरार-वसईच्या लोकांनी आगगाडीची शिट्टी ऐकण्यापूर्वीच ती कोसाडच्या शेतकऱ्यांच्या कानी पडली होती.

हा लोहमार्ग कोणासाठी घातला गेला? हवापालटासाठी निघालेल्या कुटुंबांसाठी खचित नव्हे. भडोच आणि सुरत जिल्ह्यांची काळी जमीन कापसाची. तो कापूस बंदरावर त्वरेने यावा आणि तेथून विलायतेच्या गिरण्यांकडे जावा, हा कंपनीच्या भांडवलदारांचा मुख्य हेतू होता. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथला कापूस अडला, आणि हिंदी कापसाला सोन्याचा भाव आला. माणसे या गाड्यांतून प्रवास करू लागली ती जणू कापसाच्या गाठींच्या मागोमाग.

या मार्गाची आणखी एक गंमत ध्यानात घेण्याजोगी आहे. तापीपासून वसईच्या खाडीपर्यंत तो समुद्राला समांतर धावतो. नवसारी, वलसाड, उदवाडा, उंबरगाव, घोलवड, डहाणू अशी किनाऱ्याजवळची गावे एकामागून एक गाठतो. परंतु समुद्र मात्र बहुधा दोन-चार कोस दूरच राहतो. गाडीतून त्याचा वारा अंगावर येतो, पण लाट दिसत नाही. कोसाडपासून तर खंबायतच्या आखाताचा किनारा सुमारे पंधरा मैल पश्चिमेस आहे. तेव्हा रूळ आले म्हणून समुद्र हाती आला असे झाले नाही. शेवटचे ते काही मैल कसे काटायचे, आणि ते काटायला मोकळा दिवस आणायचा कोठून, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळण्यास पुढे कित्येक वर्षे लागली.

मुळात समुद्रकाठी विसाव्यासाठी जावे ही कल्पनाच आपल्याकडे नवी. आपल्या लोकांचे समुद्राशी नाते होते ते कामाचे आणि धर्माचे. कोळी जाळे टाकी, खारवी गलबत हाकी. पर्वणीला वा ग्रहणाला भाविक समुद्रस्नान करी. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला जाई. काम नसता वाळूत बसून राहणे कोणाच्या मनातही येत नसे. सुरतेच्या पश्चिमेचे सुवाळी हे त्या जुन्या नात्याचेच ठिकाण. तेथेच १६१२ साली इंग्रजांच्या जहाजांनी पोर्तुगीज आरमाराशी झुंज दिली, आणि तेथेच १६१५ साली इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो उतरला. तो किनारा तेव्हा व्यापाऱ्यांचा, खलाशांचा आणि जकातदारांचा होता.

युरोपातही गोष्ट फारशी निराळी नव्हती. खाऱ्या पाण्याने व्याधी बऱ्या होतात, असे प्रतिपादन डॉ. रिचर्ड रसेल याने १७५० साली ग्रंथरूपाने केले, तेव्हा इंग्लंडातील धनिकांची पावले ब्रायटनकडे वळली. १८४१ साली लंडनहून तेथवर आगगाडी गेली आणि धनिकांचे औषध सामान्यांची करमणूक झाले. साहेबाने हीच आवड आपल्याबरोबर इकडे आणली. वलसाडजवळच्या तिथलची हवा आरोग्यदायक म्हणून तेथे फौजेतील आजारी माणसांना पाठवण्याची वहिवाट पडली, आणि पुढे रेल्वे झाल्यावर उन्हाळ्यात मुंबईची मंडळीही तेथे येऊ लागली. १९०६ साली मुंबई आणि सुरत यांच्या दरम्यान ‘फ्लाइंग राणी’ ही जलद गाडी प्रथम धावली. पुढे मधल्या काळात खंड पडूनही ती पुन्हा सुरू झाली. १९७९ साली तिला दुमजली डबे लागले, ते २०२३ सालापर्यंत होते.

परंतु हवापालट करणारी ही मंडळी कोण होती? ज्यांना सुटी होती ती. गिरणीतल्या मजुराला रविवारसुद्धा आपला नव्हता. सणावाराचे मोजके दिवस आणि यंत्रे पुसण्यासाठी गिरणी बंद ठेवावी लागे ते दिवस, एवढीच त्याची विश्रांती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांना एकत्र आणले, ‘दीनबंधु’ पत्रातून त्यांचे गाऱ्हाणे मांडले, आणि आठवड्यातून एक दिवस विसाव्याचा मिळावा यासाठी सहा वर्षे धीर न सोडता खटपट केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. पुढल्याच वर्षी ती तत्त्वरूपाने कायद्यात आली. आज रविवारी सहकुटुंब किनाऱ्यावर जाणाऱ्या प्रत्येकाने या मराठी माणसाचे ऋण स्मरले पाहिजे. कारण चौपाटीचा रस्ता त्याने मोकळा केला. पगारी रजा मिळण्यास मात्र आणखी अर्धे शतक जावे लागले. १९४८ च्या कारखाने कायद्याने वर्षात २४० दिवस काम केलेल्या प्रौढ कामगारास दर वीस दिवसांमागे एक दिवसाची रजा देवविली.

त्याच १९४८ साली, १ जून रोजी, पुणे-अहमदनगर मार्गावर मुंबई राज्याच्या सरकारी मोटार-वाहतुकीचा आरंभ झाला. सुरत जिल्हा तेव्हा त्याच राज्यात होता. १ मे १९६० रोजी राज्य दुभंगले. उंबरगावचा टापू ठाणे जिल्ह्यातून गुजरातेत गेला. परंतु बसचे महत्त्व सीमेच्या दोन्ही अंगांस सारखेच राहिले. वलसाड स्थानकापासून तिथल, नवसारीपासून दांडी, सुरतेपासून डुमस, हे जे शेवटचे काही मैल, ते पूर्वी टांग्याने वा पायी काटावे लागत. बस आली आणि ज्याच्या खिशात टांग्याचे भाडे नव्हते, त्यालाही आपल्या मुलाबाळांना लाट दाखवता आली. रेल्वेतील तिसरा वर्ग १९७४ साली नाहीसा झाला. पण लाकडी बाकांच्या त्या वर्गानेच सामान्य माणसाला प्रथम प्रवासी बनवले, हे विसरता येत नाही.

दांडीचे नाव आले की निराळीच स्मृती जागी होते. १९३० च्या मार्चमध्ये साबरमतीहून निघालेले गांधीजी आपल्या सत्याग्रहींसह देलाड, छापराभाठा या वाटेने सुरतेस आले. छापराभाठा हे कोसाडच्या शेजारचेच गाव. जेथे आगगाडी सहज मिळाली असती तेथून ही माणसे पायी गेली, आणि ६ एप्रिल रोजी समुद्रकाठचे मूठभर मीठ त्यांनी उचलले. किनारा हा सरकारचा नसून लोकांचा आहे, असे त्या मुठीने सांगितले. विसाव्यासाठी दांडीस जाणाऱ्या आजच्या पाहुण्याच्या पायांखालीही तीच वाळू असते.

आता कोसाडचे काय? २००६ साली हे गाव सुरत महानगरपालिकेत सामील झाले. झोपड्यांतून हलवलेल्या कुटुंबांसाठी येथे मोठी वसाहत उभी राहिली. तापीपलीकडच्या लिंबायत-उधना भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या नांदत आहेत. सुरत-अमळनेर हा तापी खोऱ्याचा रेल्वेमार्ग १९०० साली पुरा झाला तेव्हापासून ही वाट खुली आहे. यांतील कित्येकांचे हात यंत्रमागावर चालतात. जेथे मजुरी विणलेल्या कापडाच्या मापावर मिळते, तेथे सुटीचा दिवस म्हणजे बुडालेली मजुरी. लोखंड्यांनी मिळवलेला रविवार अशा घरांत अद्यापि पुरता पोचलेला नाही.

तरीही सणाच्या दिवशी ही माणसे निघतात. सकाळची सावकाश चालणारी गाडी, सुरतेस बदल, मग डुमसची बस. भाकरी आणि चटणी फडक्यात बांधलेली. डुमसची वाळू काळी आहे. आखातातील भरती-ओहोटी मोठी. ओहोटीला पाणी दूरवर मागे हटते आणि भरतीला झपाट्याने परतते. यास्तव जाणता माणूस मुलांचा हात सोडत नाही आणि फार आत जात नाही. काठावर बसावे, वारा घ्यावा, भजी खावीत आणि दिवेलागणीची बस पकडावी, एवढाच तो समारंभ.

कापसासाठी घातलेल्या रुळांवरून, झगडून मिळवलेल्या सुटीच्या दिवशी, सरकारी बसच्या तिकिटावर माणूस समुद्रापाशी पोचतो, तेव्हा त्या एका दिवसामागे शंभराहून अधिक वर्षांची खटपट उभी असते. रूळ कंपनीने घातले, बस सरकारने चालवली. सुटी मात्र श्रमणाऱ्यांनी स्वतः मिळवली. ज्यांच्या वाट्याला ती अजून आलेली नाही, त्यांच्यापर्यंत ती नेणे एवढे काम शिल्लक उरले आहे. समुद्राने कोणाला कधी अडवले नाही.