मुंबईच्या प्लेगवर बसवलेली रेघ

साथरोगांच्या गणिताचं मूळ शोधत गेलं, की वाट मुंबईच्या प्लेगपाशी येते. १९२७मध्ये केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांनी लोकसंख्येची तीन गटांत वाटणी करणारी समीकरणं मांडली: लागण होऊ शकणारे, बाधित, आणि बरे झालेले वा दगावलेले. मॅकेंड्रिक इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये नोकरी केलेले डॉक्टर. डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६मधल्या मुंबईतल्या आठवड्यागणिक प्लेगमृत्यूंवर त्यांची चढून उतरणारी रेघ चपखल बसली आणि ती आकृती पुढे पाठ्यपुस्तकांत गेली. पण पुरावा म्हणून ती लंगडी आहे. इथला प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून माणसांत येत होता, पावसाळ्याच्या तोंडाशी ओसरून हिवाळ्यात पुन्हा डोकं वर काढत होता. समीकरणात ना उंदीर, ना ऋतू. दोघांनी ही अडचण निबंधातच नोंदवली होती. वाचणाऱ्यांनी आकृती तेवढी उचलली.

मग समीकरण टाकून द्यायचं? मुळीच नाही. लागण होऊ शकणारे एका मर्यादेखाली आले की सगळे बाधित होण्याआधीच साथ विझते, हे त्याचं खरं देणं, आणि त्याला मुंबईच्या आकड्यांचा टेकू लागत नाही. त्याला जमत नाही ते वेगळंच: त्याच्या हिशेबात पाव रुग्णही शिल्लक राहतो आणि लागण होऊ शकणाऱ्यांत नव्याने भर पडेल असं धरलं, तर त्यातून साथ पुन्हा उभी राहू शकते. जॉन्स हॉपकिन्समध्ये रीड आणि फ्रॉस्ट विद्यार्थ्यांना रंगीत गोळ्या मिसळून साथ दाखवत. तिथे रुग्ण अख्खा असतो आणि पुढचा कोण हे योगायोग ठरवतो. याच वाटेने बार्टलेटने १९५७मध्ये दाखवलं, की सुमारे २.५ ते ३ लाखांहून लहान शहरात गोवर अधूनमधून आपोआप नाहीसा होतो.

आता संगणकात अख्खं शहर माणसागणिक उभं करता येतं, तेव्हा जुनी समीकरणं कशाला, असं कुणी म्हणेल. पण प्रत्येक वाढीव तपशील म्हणजे एक गृहीतक, आणि गृहीतकं जितकी जास्त तितकी रेघ जुळवून घेणं सोपं. म्हणून मॉडेल ज्या आकड्यांवर बसवलं नाही, तिथे ते काय सांगतं हे पाहावं. मुंबईची ती रेघ इथेच अडकते: एकदा उतरल्यावर तिच्यात दुसरा चढ नाही, आणि प्लेग पुढच्या हंगामातही आला.