आडनावांचे स्थलांतर : जबलपूरच्या मराठी परंपरेच्या संदर्भात

जबलपूरच्या जुन्या बाजारपेठेतील ‘बडा फुहारा’ या स्थळनामाचे ‘मोठे कारंजे’ असे मराठी भाषांतर करता येते. मात्र तसे केल्यास अर्थ उरतो आणि स्थळ हरवते. विशेषनाम भाषांतराला दाद देत नाही. या परिसरातील मराठी आडनावांचा विचारही याच तत्त्वापासून सुरू करावा लागतो. ती हिंदी प्रदेशात टिकून राहिली. त्यांचा अर्थ उलगडणारी समाजव्यवस्था मात्र मागे राहिली.

गढा-मंडल्याचे राज्य १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांकडे आणि १७९८ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेले. १८१७-१८ च्या युद्धानंतर तेथे इंग्रजी अंमल आला. पुढे १८६१ पासून १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होती. सागरच्या मराठी सत्तेचे संस्थापक गोविंद बल्लाळ खेर हे इतिहासात ‘गोविंदपंत बुंदेले’ म्हणून ओळखले जातात. मूळ गावाच्या नावाला ‘कर’ जोडून आडनाव घडवण्याच्या रूढीहून ही प्रक्रिया वेगळी आहे. येथे जन्मभूमीने नव्हे, तर कर्मभूमीने नाव दिले. तेही मराठी प्रत्ययाशिवाय.

‘कर’ हा प्रत्यय मराठी कानाला गाव सांगतो. हिंदीत हेच कार्य ‘कनौजिया’सारख्या नामांतील ‘इया’ हा प्रत्यय करतो. म्हणून ‘कर’मधील ग्रामसंबंध हिंदी वाचकाला सहज जाणवत नाही. ‘कुलकर्णी’सारख्या आडनावाची स्थिती याहून निराळी आहे. ते गावाचा हिशेब राखणाऱ्या वतनदाराचे पदनाम होय. मुंबई राज्यात १९५० च्या कायद्याने ही वतने रद्द झाली. नाव मात्र राहिले. अशा रीतीने आडनाव हे लुप्त व्यवस्थेचे अवशिष्ट साधन ठरते.

नामरचनेचा प्रश्न वाङ्मयेतिहासात अधिक महत्त्वाचा ठरतो. गजानन माधव मुक्तिबोध (१९१७-१९६४) हे मराठीभाषक घराण्यातील हिंदी कवी. १९४० नंतरच्या दशकात काही काळ ते जबलपुरात होते. त्यांच्या नावातील ‘माधव’ हे मराठी प्रथेनुसार वडिलांचे नाव होय. हिंदीत ही प्रथा सार्वत्रिक नसल्याने ‘गजानन माधव’ हे एकच जोडनाव वाटण्याचा संभव असतो. ‘मुक्तिबोध’ हे तत्सम आडनाव तर कवीने धारण केलेले टोपणनावच भासते. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध यांनी मराठीत लेखन केले आणि १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मराठीसाठी लाभला. एकच आडनाव अशा प्रकारे दोन वाङ्मयेतिहासांत नोंदले गेले.

यावरून आडनाव लेखकाची वाङ्मयीन भाषा निश्चित करू शकत नाही, हे स्पष्ट होते. दमोह जिल्ह्यात जन्मलेले माधवराव सप्रे (१८७१-१९२६) यांनी टिळकांचा ‘गीतारहस्य’ हा ग्रंथ हिंदीत नेला. त्यांचे ‘सप्रे’ हे नाव आज हिंदी पत्रकारितेच्या इतिहासाचे अंग आहे. आडनाव कुळाचा मार्ग दाखवते, तर लेखन भाषेची निवड दाखवते. या दोहोंत अंतर पडते तेथेच तौलनिक अभ्यासाची खरी सामग्री असते. केवळ नावावरून लेखकाला एखाद्या साहित्यात जमा करणारी किंवा त्यातून वगळणारी सूची ही सामग्रीच गमावून बसते.