शेजारी ओळखीचा असेल तर

मला कोणी ‘संवेदनशील’ म्हटले, तर कवी म्हणून मी सुखावतो. पण हाच शब्द पोलिसांच्या कागदावर एखाद्या मोहल्ल्याला चिकटला, की तिथल्या माणसाला आपला पत्ता सांगायची चोरी होते. भिवंडीच्या वाट्याला हा शब्द वर्षानुवर्षे आला.

७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी तिथे दंगल पेटली. न्यायमूर्ती मादन आयोगाने तिची चौकशी केली. मे १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा जळाली. कोणी धर्माला दोष दिला, कोणी पुढाऱ्यांना. वस्तीच्या घडणीकडे फार थोड्यांनी पाहिले. भिवंडी हे यंत्रमागांचे गाव. जुने कोकणी मुसलमान, उत्तरेकडून आलेले मोमीन विणकर, तेलंगणातले पद्मशाली, शिवाय पोटासाठी रोज नव्याने येणारे कामगार. एकाच खोलीत पाळीपाळीने झोपायचे, पाळी संपली की मागावर जायचे. शेजारी कोण, हे शेजाऱ्याला ठाऊक नाही. अशा गल्लीत चोराला लपायला जागा मिळते, अफवेला धावायला वाट मिळते. मार मात्र गल्लीतल्या गरिबालाच बसतो.

१९८८ मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी या गल्लीपासूनच सुरुवात केली. सुमारे ७० मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या. त्यांत हिंदू-मुसलमान दोघेही, आणि मिरवणाऱ्या पुढाऱ्यांपेक्षा साधी माणसे अधिक. पोलीस शिपाई नेमून दिलेल्या मोहल्ल्यात लोकांसोबत बसू लागला. किरकोळ भांडणे तिथल्या तिथे मिटू लागली. माणसांना एकमेकांची नावे कळली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारच्या मुंबईत श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे ९०० माणसे मेली. भिवंडी शांत राहिली. यंत्रमाग तेच होते, दाटी आणि गरिबीही तीच होती. बदलली होती ती ओळख.

पुढे १९९७ मध्ये रॉबर्ट सॅम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकागोतल्या ३४३ वस्त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सारख्याच गरीब वस्त्यांतही जिथे शेजाऱ्यांचा एकमेकांवर भरवसा होता आणि वेळ आली तर मध्ये पडायची तयारी होती, तिथे हिंसाचार कमी आढळला. भिवंडीच्या विणकरांना हे अभ्यासाआधीच उमगले होते.

१९९३ नंतर मुंबईतही ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी, सुशोभा बर्वे यांच्या प्रयत्नांनी अशा समित्या झाल्या. पण ही राखण एकदा करून भागत नाही. जुलै २००६ मध्ये भिवंडीतच पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून वाद चिघळला. गोळीबारात दोन नागरिक गेले आणि जमावाने दोन पोलीस शिपायांना ठार मारले. अधिकारी बदलतात, भाडेकरू बदलतात, नवी पिढी येते. ओळख पुन्हा नव्याने करून घ्यावी लागते.

‘मोहल्ला’ हा शब्द मूळ अरबी. प्रवासात उतरून मुक्काम करायची जागा, असा त्यामागचा अर्थ. आपण सारेच कुठून तरी येऊन इथे उतरलो आहोत. तेव्हा तुमच्या जिन्यावरच्या नव्या भाडेकरूला आज संध्याकाळी त्याचे नाव जरूर विचारा.